बसच्या छतापाशी गेलेली बाई

"मावशी, तुमच्या अंगात कोण येत न्हाय. ही फिट हाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आधी त्यांच्याकडं नाही, शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंकडं बघितलं. जाऊबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आमचे मालक एमआरआयचा लिफाफा उलटासुलटा करत बसले. मला रडावं की हसावं तेच समजेना. फिट म्हणजे माणूस जमिनीवर पडून हातपाय झाडतो, लोक त्याला कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. माझं तसं कधीच झालं नव्हतं.

काय होत होतं ते सांगते. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल आणि लाजेनं गप्प बसला असाल, तर तुमच्यासाठीच हे लिहितेय.

मी कोल्हापुरात घरी ब्लाउज शिवते. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला एसटीनं राधानगरीला निघाले होते. शहर मागं पडलं आणि जळक्या रबराचा वास आला. पोटातून काहीतरी वर सरकलं, आणि मी बसच्या छतापाशी होते, सामान ठेवायच्या फळीला लागून. खाली सीटवर मीच बसलेली दिसत होते. जांभळा ब्लाउज, आणि पाठीवर खांद्याजवळ शिवण उसवलेली. माझ्या हातची शिवण आणि उसवलेली! त्या अवस्थेतही मला लाज वाटली.

भानावर आले तेव्हा कपाळभर कुंकू होतं आणि ओटीत नारळ. त्यात वार मंगळवार. माझी नजर एका जागी खिळलेली, तोंड चघळल्यासारखं हलतंय, हात पदराशी चाळा करतोय, हे बघून बसमधल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं, की देवी आली. लग्नाला निघालेल्या बायका, हळदीकुंकू हाताशीच. एकीनं तर आपल्या घरचं विचारूनही घेतलं, आणि मी म्हणे "दार लाव" असं पुटपुटले. ती घरी गेली तर मागचं दार खरंच सताड उघडं. मग काय विचारता! आमच्या दारात बायका यायला लागल्या. जाऊबाईंनी माझ्यासाठी पाट मांडला, समई लावली.

मी सांगून सांगून दमले, की आत कुणीच आलं नव्हतं, उलट मीच बाहेर गेले होते. पण बाहेर गेले म्हणजे नेमकी कुठं गेले, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? घरी येऊन ब्लाउज उतरवला, तर शिवण खरंच उसवलेली. त्यानं मी जास्तच गोंधळले. कधी वाटायचं देवीच असेल, कधी वाटायचं मला वेड लागतंय.

पुढं कोडोलीला जाताना तेच झालं, नंतर आणखी एकदा. मग मी प्रवास बंदच केला. मला भीती एकाच गोष्टीची वाटायची. एके दिवशी माझं शरीर पिशवी घेऊन स्टँडवर उतरेल, मी वरच राहीन, आणि गाडी मला घेऊन डेपोत जाईल. हे बोलून दाखवलं की मालक हसायचे. मी मात्र रिक्षातही बसेना.

तशात आमच्या शीतलला सातवा महिना लागला. ती दिली आहे गडहिंग्लजला. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आणायला आईनंच ओटी घेऊन जायचं. मालक म्हणाले, "मी आणतो की तिला." तर शीतल फोनवर म्हणाली, "आई, तू न्यायला आलीस तरच येणार. न्हायतर ऱ्हाऊ दे, हितंच बाळंत होईन." पोरीचा आवाज रडवेला झाला होता. लेकीला माहेरी आणायचं होतं आणि मला घराचा उंबरा ओलांडवत नव्हता. तेव्हा मी स्वतःहून म्हणाले, मला मोठ्या डॉक्टरकडं न्या.

एमआरआय म्हणजे मेंदूचे फोटो, ते चांगले आले. मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. डोक्याला चिकट मलम लावून तारा जोडतात, दुखत काही नाही. आदल्या रात्री मुद्दाम जागून यायला सांगितलं होतं. आत आडवी झाले आणि जळक्या रबराचा वास आला. मी त्या खोलीच्या पंख्यापाशी गेले, आणि इकडं मशीननं ते सगळं टिपून घेतलं.

"ह्याला फोकल सीझर म्हणतात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. फोकल म्हणजे मेंदूच्या एका भागापुरती फिट. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, त्याच्या आसपास आपलं शरीर कुठं आहे याचा हिशेब चालतो. तिथं क्षणभर गोंधळ झाला, की माणसाला आपण बाहेर गेल्यासारखं वाटतं. "तुमी कुटं जात न्हाय मावशी, हितंच असताय."

मग त्यांनी विचारलं, "एसटीनं जायच्या आदल्या रात्री झोपताय?" कसली झोप! गाडी लागेल, काही विसरेल, गाडी चुकेल, या काळजीनं डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी उलटीच्या भीतीनं चहासुद्धा घेत नाही. त्या म्हणाल्या, जागरण आणि उपाशी पोट, यानं फिट येते. एसटीचा काही दोष नाही. म्हणजे ज्या भीतीनं मी जागत होते, तीच भीती मला वर पाठवत होती. हे डोक्यात शिरायला मला बरेच दिवस लागले.

"मग उसवलेली शिवण कशी दिसली?" मी विचारलं.

"घालताना हाताला लागली आसंल. तुमी विसरला, मेंदू विसरला न्हाई." मला काही ते पटलं नाही. त्या हसून म्हणाल्या, "न्हाई पटलं तर ऱ्हाऊ दे. गोळी मात्र चुकवायची न्हाई."

जाऊबाई खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "आईनं घर धरलंय, आन् तुमी गोळ्यांनी घालवताय व्हय?"

"आईला यायचं आसंल तर गोळीनं अडतंय व्हय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाऊबाईंना हे मान्य झालं. त्यांनी पाट उचलला, बायकांना दारातूनच परत लावलं, आणि गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं. रोज दिवा लावला की गोळी त्याच माझ्या हातावर ठेवायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सुरुवातीला गोळ्यांनी गुंगी यायची, सुईत दोरा ओवता येईना. मनानं गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. त्यांनी प्रमाण बदललं आणि मग प्रवासाला परवानगी दिली, सोबत माणूस हवं या अटीवर. त्या म्हणाल्या, अजून एखादी बारीक फिट येईल, तेव्हा सोबतच्यानं हात धरून बसावं, तोंडात काही घालू नये; लांबली तर सरळ दवाखाना गाठावा.

निघायच्या आदल्या रात्री मी झोपले. सकाळी भाकरी खाल्ली. मालक शेजारी होते. गडहिंग्लजला पोहोचेपर्यंत मी फळीकडं बघत होते, पण काही झालं नाही. विहीणबाईंनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "अक्का, तुमच्या अंगात येतंय म्हणं. सून सुखरूप सुटंल न्हवं? सांगा की." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. म्हटलं, "मला कुटलं कळतंय ओ? मी बी तुमच्यासारखीच भ्यालीया. दोघी मिळून सांभाळू की तिला."

शीतलची ओटी भरून आम्ही परतीच्या गाडीत बसलो. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती, मालक मागच्या सीटवर. निपाणी गेली आणि तो वास आला. मी कशीबशी तिचा हात धरला.

वरून मला आम्ही दोघी दिसलो. तिचं पोट, त्यावर तिचा हात, तिच्या हातावर माझा. भीती वाटली, पण परत कुठं जायचं ते समोर दिसत होतं.

"आई, गेलतीस न्हवं?" शीतल विचारत होती. तिनं माझा हात सोडला नव्हता.

"व्हय. आले की परत. तुझ्या ब्लाउजची पाठ उसवलीया बघ. घरी गेल्यावर टाके घालते."

तिनं हात मागं नेऊन चाचपलं आणि हसायला लागली. "उसवलीया की गं!"

सकाळी तिला साडी नेसवताना मी ते पाहिलं असेल. नसेलही. कोल्हापूरच्या स्टँडवर लेकीचा हात धरून मी पायऱ्या उतरले, आणि मागं वळून गाडीच्या छताकडं एकदा बघून घेतलं. वर कुणी राहिलं नव्हतं.