सावकाशरावांचं वल्हं

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सावकाशरावांच्या तळघराचं दार दिसतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं त्यांच्या बायकोने मला सांगितलेलं आहे, तेही "कुणाजवळ बोलू नकोस" असं बजावून. म्हणजे ते पक्कं खरं.

सावकाशराव वाइन करतात. घरामागच्या उतारावर द्राक्षबाग, घराखाली तळघर, आणि राबायला ते, त्यांची बायको आणि लेक. एवढाच कारखाना. त्याआधी अकरा वर्षं ते गावातली बस चालवायचे आणि हे नाव त्यांना तिथेच पडलं. मागून कुणी "अहो, जरा दामटा की" म्हटलं, की हे आरशात बघून म्हणायचे, "सावकाश." त्यांच्या बसमध्ये कधी कुणी पडलं नाही आणि कधी कुणी वेळेवर पोचलंही नाही. वडील गेल्यावर त्यांनी बस सोडून बाग हातात घेतली, तेव्हा आम्ही प्रवाशांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाग सेंद्रिय. म्हणजे काय, तर आजूबाजूच्या बागांत लोक तोंडाला फडकी बांधून फवारे मारत असतात तेव्हा हे गुडघ्यांवर बसून एकेक रोगट पान खुडत असतात. वेलींच्या दोन ओळींमध्ये गवत कमरेएवढं. मी एकदा विचारलं, "भावोजी, ही बाग आहे की कुरण?"

"वहिनी, किड्यांना गवतात बरं वाटलं की ते वेलींवर येत नाहीत."

"आणि तुम्हाला कुठे बरं वाटतं?"

"किडे गवतात असले की," म्हणाले, आणि पुन्हा पानांत डोकं घातलं.

तळघरातही तीच तऱ्हा. द्राक्षं चिरडायची, टाकीत भरायची आणि वाट बघायची. बाकीचे सगळे दुकानातून यीस्टची पाकिटं आणून रसात टाकतात, मग वाइन टिकावी म्हणून पावडरी घालतात, मग ती काचेसारखी दिसेपर्यंत गाळतात. हे यातलं काही करत नाहीत. रस आपला आपण आंबतो. बाटलीवर छापलेलं असतं : 'द्राक्षं. बाकी काही नाही.' पहिल्या वर्षीची वाइन मी तांब्याची भांडी घासायला वापरली, लखलखीत निघाली. दुसऱ्या वर्षीची त्यांचा मेव्हणा प्यायला आणि पुढे चार महिने फिरकला नाही. तेवढा एक फायदा झाला, असं त्याची सख्खी बहीणच म्हणते. पाचव्या वर्षी मात्र जमलं. आता त्या गढूळ वाइनसाठी लोक लांबून येतात, ग्लास उजेडाला धरतात आणि मला न कळणारं काहीबाही बोलतात. मी आपली पिते.

आता त्या तळघराबद्दल. भिंती काळ्या. रंगाने नव्हे, बुरशीने. मखमलीसारखी मऊ, जाड बुरशी, आजोबांच्या काळापासूनची. तिला हात लावायचा नाही, हा त्या घरातला नियम. आणि दुसरा नियम वल्ह्याचा. टाकीतला रस ढवळायला एक लाकडी वल्हं होतं, पुरुषभर उंच, तेही आजोबांचंच. ते धुवायचं नाही. ढवळून झालं की निथळवायचं आणि खुंटीला टांगायचं. मी किळस येऊन तोंड वाकडं केलं होतं तेव्हा सावकाशरावांनी मला सांगितलं होतं, "वहिनी, आंबवणारं जे असतं ना, ते द्राक्षाच्या सालीवर थोडंच असतं. खरं बिऱ्हाड इथे आहे. भिंतीत, पिंपांच्या फटींत, या लाकडाच्या रेषांत." त्यांच्या तोंडून एका दमात निघालेलं तेवढं एकच लांबलचक बोलणं मी ऐकलंय.

गेल्या वर्षी द्राक्षं काढायला महिना राहिला असताना अन्न परवान्याच्या खात्याचा नवा तपासनीस आला. त्याआधीचे तपासनीस पायऱ्या उतरायचे, एक ग्लास घ्यायचे, 'ठीक' असं लिहायचे आणि पायऱ्या चढायचे. हा गाडीतून उतरायच्या आधीच रबरी हातमोजे घालून बसलेला. म्हणून त्याचं नाव हातमोजे. त्याने भिंतीवर एक बोट फिरवलं, बोटाकडे असं बघितलं जणू ते आता कापूनच टाकावं लागणार, आणि कागद काढला. भिंती खरवडा. ब्लीचने धुवा. चुना मारा. पिंपं, पेट्या, दाबयंत्र, सगळं ब्लीचने. लाकडी अवजार बाद, स्टीलचं आणा. पंधरा दिवसांत झालं नाही तर यंदाचा परवाना नाही.

"साहेब, बुरशी आहे ती, पण ती चांगली आहे," सावकाशराव म्हणाले.

"चांगली बुरशी असा रकाना नाही," हातमोजे म्हणाला.

माझं डोकं फिरलं ते पुढच्या गोष्टीने. आमच्या मोठ्या रस्त्यावर वाइनचा एक भलाथोरला कारखाना आहे. तिथे पर्यटकांना दाखवायला एक 'जुनं तळघर' केलंय, तीन वर्षांपूर्वी बांधलेलं. भिंतींना काळा रंग, कोपऱ्यांत प्लास्टिकची कोळिष्टकं. मी स्वतः बोटाने ताणून पाहिली, रबरासारखी परत जातात. त्या तळघराच्या दारावर याच खात्याचं स्वच्छतेचं प्रमाणपत्र लटकतंय, चांगलं फ्रेम केलेलं. म्हणजे खोटी घाण असली तर शाबासकी आणि खरी असली तर पंधरा दिवस. मी हे हातमोजेला कुंपणावरून ऐकवलं. तो म्हणाला, "बाई, आपण कोण?" मी म्हटलं, "कोळीण." त्याने ते लिहून घेतलं की काय कोण जाणे.

मला वाटलं होतं, सावकाशराव पंधरा दिवसांचे पंधरा आठवडे करतील. पण त्या माणसाला कुणी हुकूम दिला की तो पाळतो. लाल दिव्याला थांबून थांबून तशी सवय लागलेली. आणि पाळतो तेही मुळापासून. तिघांनी मिळून भिंती खरवडल्या. आजोबांची मखमल बारा घमेल्यांतून बाहेर आली. ब्लीचचा वास माझ्या चहात उतरला. हातमोजेने पेट्या आतून धुवायला सांगितल्या होत्या, तर यांनी आतून, बाहेरून आणि खालून धुतल्या. द्राक्षं कापायच्या कात्र्या धुतल्या. स्वतःचे बूट धुतले. बायको म्हणाली, "अहो, पुरे," तर म्हणाले, "लिहून दिलंय." वल्हं मात्र धुवायचा प्रश्नच नव्हता, ते बाद होतं, म्हणून पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर कचऱ्याच्या ढिगावर गेलं.

द्राक्षं आली, चिरडली, टाकी भरली. दरवर्षी तिसऱ्या दिवशी साली फुगून वर येतात आणि आतून चुरचुर ऐकू येते. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. पाचव्या दिवशी मी डोकावले तेव्हा सावकाशराव टाकीला कान लावून उभे होते. पांढऱ्याफेक दवाखान्यासारख्या भिंती, स्टीलचं चकचकीत वल्हं, आणि त्यांचा चेहरा एखाद्याचं नाव पुकारून ओ न आल्यासारखा.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही म्हणत नाही."

सहाव्या दिवशी वास बदलला. नखं रंगवायच्या बाटलीसारखा, तिखट. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते तर वर्षभराच्या द्राक्षांचं व्हिनेगर झालं असतं, आणि माझ्या मालकीची तांब्याची भांडी एवढ्याला पुरली नसती. लेक गावात जाऊन यीस्टची पाकिटं घेऊन आली आणि तिने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बापासमोर ठेवली. मी तिथेच होते, साखर मागायला गेलेली. साखर घरात होती.

"बाबा, उद्या दुपारपर्यंत. मग मी टाकणार."

"मग बाटलीवरचं पुसावं लागेल."

"पुसू."

"एकोणतीस वर्षं लिहितोय मी ते."

"आणि पंधरा दिवसांत तुम्हीच धुऊन टाकलंत ते. मी म्हटलं होतं ना, एक भिंत ठेवा, फळ्या लावून झाकू. ऐकलंत? तुमच्यापेक्षा ती बुरशी हट्टी होती, तिला खरवडायला तरी लागलं."

त्यांनी पाकिटं उचलली, एकाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं आणि पुन्हा ठेवली. "उद्या दुपारी," म्हणाले. मग पाठ फिरवून भांडी धुवायला लागले. धुतलेलीच भांडी. त्यांची बायको माझ्याकडे बघेना, कारण बघितलं असतं तर रडली असती, आणि मीही.

मी घरी आले ती हातमोजेला मनात शिव्या घालत. इथे छापता येणार नाहीत अशा, चांगल्या होत्या. त्याच तणतणीत कोठीचं दार उघडायला अडसर काढला, आणि हात तोंडाशी गेला तेव्हा हाताला वास आला. ओळखीचा. आंबलेल्या द्राक्षांचा.

आता कबूल करते. ढिगावरचं ते वल्हं मीच उचलून आणलं होतं. माझ्या कोठीची कडी मोडलेली, आणि फुकटचं चांगलं लाकूड मला बघवत नाही. महिनाभर ते माझ्या दाराला आडवं होतं, कोरडं, सावलीत, आणि हातमोजेच्या कृपेने न धुतलेलं.

मी ते खांद्यावर टाकून कुंपणाच्या फटीतून तशीच गेले. सावकाशराव दारात होते. त्यांनी वल्ह्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही चोरलंत हे?"

"भावोजी, मग तुम्ही माझ्यावर खटला भरा, पण आधी हे बुडवा."

अकरा वर्षांच्या बसमध्ये मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. त्यांनी बादलीभर रस काढला, हाताला सोसेल इतका कोमट केला, वल्ह्याचं पातं त्यात उभं केलं आणि वर स्वच्छ फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजले. लेक पाकिटं आणि कात्री घेऊन खाली उतरली. बादलीवरचं फडकं मधोमध टोपीसारखं फुगलं होतं. तिने ते उचललं, खाली गुलाबी फेस. तिने कात्री एप्रनच्या खिशात घातली आणि बादलीचा दुसरा कान धरला. दोघांनी मिळून ती टाकीत ओतली. दोन दिवसांनी साली वर आल्या आणि तो तिखट वास हळूहळू मागे पडला. चुरचुर माझ्या खिडकीपर्यंत येत नाही, पण मी ऐकली असं मी सगळ्यांना सांगते.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहायला बसलेच नसते. पण पुढच्या आठवड्यात हातमोजे तपासणीला आला. पांढऱ्या भिंती पाहिल्या, टाकीतला फेस पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "बघा. स्वच्छता ठेवली की काम कसं जोरात चालतं." आणि हेच त्याने कागदावर लिहिलं. शिवाय म्हणाला, इतर छोट्या उत्पादकांना हे तळघर आदर्श म्हणून दाखवायला आणेन. माझी कानशिलं तापली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सावकाशराव माझ्याकडे बघून म्हणाले, "सावकाश."

"ते लाकडी अवजार टाकलं ना?" हातमोजेने विचारलं.

"टाकलं की," मी म्हटलं. "माझ्या कोठीचा अडसर झालंय. तुमच्या कागदात अडसर बाद आहे का?"

त्याने कागद चाळून पाहिला. खरंच पाहिला. नव्हता.

त्याने दिलेलं शाबासकीचं पत्र त्यांच्या बायकोने तळघरात नेमकं त्या कोपऱ्यात लावलंय जिथे चुन्यावर पहिला काळा ठिपका उमटला. पत्राखाली तो आता तळहाताएवढा झालाय. पण सावकाशरावांना वेगळीच बोच लागून राहिली. बाटल्या भरायची वेळ आली तेव्हा म्हणाले, 'बाकी काही नाही' हे यंदा खोटं होईल. लेक म्हणाली, "बाबा, लाकूड म्हणजे काही भेसळ नव्हे." यांचं आपलं एकच, लिहायचं तर खरं लिहायचं. शेवटी छापलं : 'द्राक्षं. शेजारणीकडून उसना एक अडसर. बाकी काही नाही.' लांबून येणारे लोक ते वाचतात, ग्लास उजेडाला धरतात आणि म्हणतात, हो, लाकडाची चव येतेय.

वल्हं माझ्याकडेच असतं. द्राक्षं आली की मी ते कुंपणापलीकडे देते आणि पंधरा दिवस माझी कोठी सताड उघडी राहते. तुमच्यापैकी कुणाला हे हातमोजेच्या कानावर घालायचं असेल तर खुशाल घाला. मी घरीच असते.