मागच्या दाराची पायरी

माझे यजमान अलिबागच्या दवाखान्यात अर्धांगवायूने पडून होते आणि मला प्रार्थना येईनाशी झाली होती. शाळेत शिकवत जन्मभर बडबड केली, तोंडाला कधी कुलूप नव्हतं; पण त्यांच्या कॉटपाशी बसले की 'हे प्रभू'च्या पुढे गाडी सरकेना. ते माझ्याकडे बघायचे आणि ओळख पटायची नाही. देव आहे की नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो आहे, पण आमच्या घराचा पत्ता विसरला, असं वाटायचं.

मुरुडच्या अलीकडे आमचं गाव आणि गावात आमचं लहानसं कौलारू चर्च. तिथे पाळकांच्या संदेशाआधी नावं घ्यायची रीत होती. घरात कोणी आजारी, कोणी परगावी, कोणाचं पोर वाया गेलेलं, तर उभं राहून नुसतं नाव घ्यायचं. कारण सांगायचं नाही. मग सगळ्यांनी म्हणायचं, 'प्रभू, सांभाळ.' चर्चचं मागचं दार बाजाराच्या गल्लीत उघडतं. मासळी घेऊन निघालेल्या कोळणी तिथे पाट्या उतरवून पायरीवर टेकायच्या आणि समुद्रावर गेलेल्या आपल्या माणसांची नावं घ्यायच्या. त्यांची एकवीरा आई त्यांना होतीच. आत या असं आम्ही कधी म्हटलं नाही, आत येतो असं त्याही कधी म्हणाल्या नाहीत. मासळीच्या वासाने माझी सासू नाक मुरडायची, पण त्यांच्या नावांना 'प्रभू, सांभाळ' सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणायची.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, मनाने सोनं, पण प्रत्येक गोष्टीची घाई. बीचवर एवढे पर्यटक उतरतात, त्यातला एकही इकडे का फिरकत नाही, आपलीच पोरं कॉलेजात गेली की चर्च का विसरतात, हा त्यांना ध्यास. चर्चच्या पंचांनाही पटलं. पेटी-तबला जाऊन कीबोर्ड आणि ड्रम आले, सतरंज्या जाऊन खुर्च्या आल्या, भिंतीवर पडदा लागला आणि गाण्यांचे शब्द त्यावर दिसू लागले. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. गुडघ्यांची सुटका झाली आणि चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं. डफ-झांजा वाजवून देवाची स्तुती करा, असं शास्त्रातच आहे, मग ड्रमनेच काय घोडं मारलंय? पोरंही चार यायला लागली. पण नावं घेण्यात वेळ फार जातो, नवा माणूस कंटाळतो, म्हणून ती रीत गेली. एसी बसला म्हणून मागचं दार बंद झालं. बाहेरचे लोक यावेत म्हणून जीव टाकत होतो आणि बाहेरचे लोक ज्या दाराशी येत होते तेच लावून घेत होतो, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या रविवारी लेकीला दवाखान्यात बसवून मी एसटीने गावी आले आणि सवयीने चर्चमध्ये जाऊन बसले. गाणी जोरात चालली होती, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवू लागले, आणि मधेच यजमानांचं नाव घशाशी आलं. ते घेऊ कुठे? ड्रम काही थांबेना. रडू आवरेना, तशी बाजूच्या दाराने बाहेर पडले आणि कोणी बघू नये म्हणून वळसा घालून मागे गेले.

बंद दाराच्या पायरीवर हिराबाय बसली होती. तिच्याकडून वर्षानुवर्षं मी बोंबील घेत आलेय आणि भावावरून भांडत आलेय. पाटी बाजूला ठेवलेली, तोंड दाराकडे, ओठ हलत होते.

"अगं, दार तर बंद असतं. इथे काय करतेस?"

"नावं घेते पोरांची. दोगं दर्यान हायेत." मग माझ्याकडे बघून हसली. "आतमंदी ढोल लय वाजतो, पन देवाचं कान तुमच्यापेक्षा बरं आसतील."

हसू यावं तिथे मला हुंदका फुटला. तिने पदर सरकवून मला शेजारी जागा केली. "सायेबांचा आयकला मी," ती म्हणाली. "नाव घे ना त्यांचा."

उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. जन्मभर 'अहो' आणि 'ऐकलंत का'. "प्रभाकर," मी म्हटलं. हिराबायने बंद दाराला हात जोडले आणि आमच्याच शब्दांत म्हणाली, "परभू, सांबाल." मग तिने घेतली, "महादू. नितेश." मी म्हटलं, "प्रभू, सांभाळ." मासळीचा ओला हात तिने माझ्या पाठीवर ठेवला. आता माझ्या यांचं काय करायचं ते तुझं तू बघ, असं मी पहिल्यांदाच मनापासून देवाला म्हणाले आणि मला मोकळा श्वास आला.

संध्याकाळी दवाखान्यात पोचले तर लेक दारातच उभी. "आई, बाबांनी पाणी मागितलं. तू कुठे आहेस म्हणून विचारलं." डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडलंच असेल, त्यांच्या हाताला यश आहे. मी वाद घालत नाही. आज हे काठी घेऊन अंगणात फिरतात, चहात साखर कमी झाली की बोबड्या बोलात माझ्यावर रागावतात, आणि ते रागावणं ऐकताना माझे डोळे भरून येतात.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, मागचं दार उघडा म्हणाले. त्यांना भरून आलं. पुढच्या रविवारी त्यांनी एसी बंद करून स्वतःच्या हाताने दार उघडलं, नावं घेणं पुन्हा सुरू केलं. पण त्यांची घाई! हिराबाय पायरीवर टेकली न टेकली, तोच तिचा हात धरून त्यांनी तिला आत आणलं, पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, गुलाबाचं फूल दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती बिचारी फूल कुठे ठेवावं या विचारात अवघडून बसली होती. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला, तो चर्चच्या ग्रुपवर गेला आणि तिथून गावभर. संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यात एकच बोलणं, हिराबाय बाटली. पोरांना बंदरावर लोक टोचून बोलू लागले. ती यायची थांबली, आणि तिच्यामागे बाकीच्याही.

बाजारात बरेच दिवस तिने मान वर केली नाही. शेवटी मीच पाटीसमोर बसले. "हिराबाय, चुकलं गं आमचं."

"तुमचा मन चांगला व्हता बाई," बोंबील निवडता निवडता ती म्हणाली. "पन मना आतमंदी कशाला नेला? मी भायेरच तुमची व्हते."

मी बोंबील पिशवीत घेतले. त्या दिवशी भावावरून भांडणंही झालं नाही. मी उठले तेव्हा तिने हळूच विचारलं, "पोरांची नावं घेता ना?"

"दर रविवारी."

"मंग झाला."

आता दार उघडं असतं आणि पायरी रिकामी. यांना जिवंत परत दिलं म्हणून देवाचे आभार मानताना माझी नजर हटकून तिकडे जाते. नावं घ्यायची वेळ आली की मी उभी राहते. महादू, नितेश आणि हिरा. आधी मी मागायचे, तिला परत आण. आता नाही मागत. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला पायरीवरच जवळ करायचं, ते त्याला कळतं. आम्ही त्यात फार हुशारी केली. 'प्रभू, सांभाळ' म्हणते आणि खाली बसते.