म्याटर लावून बोला, मामा

पोलादपूर तालुक्यात इंग्रजी बोलणारे पुष्कळ सापडतील, पण इंग्रजी पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामांना काही सगळी इंग्रजी भाषा येत नाही. तिच्यातले चारपाच शब्द येतात, तेही एका दमात आणि एकाच क्रमानं: ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट’. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीत लिफ्ट चालवली. तिथला एक म्हातारा साहेब लिफ्टमध्ये शिरला की कुणाला ना कुणाला हे ऐकवायचा. मामांनी एकदा धीर करून त्याला अर्थ विचारला. साहेबानं दोन मजले विचार केला आणि उतरता उतरता सांगितलं, की बाकी बोलणं कसंही असो, या शब्दांच्या पुढे जे येईल ते खरोखर तसंच असलं पाहिजे, नाहीतर हे शब्द तोंडात आणू नयेत. निवृत्त होऊन मामा डोंगरातल्या आपल्या वाडीवर परतले ते एक ट्रंक आणि हा नियम घेऊन.

नियमाची त्यांना गरजही होती, कारण एरवी मामांचा आणि खरेपणाचा फारसा घरोबा नाही. थापाडे म्हणणं माझ्या जिवावर येतं, पण कुठलीही गोष्ट नटवल्याथटवल्याशिवाय घराबाहेर काढायची नाही हा त्यांचा खाक्या. एसटी स्टँडासमोर माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी दूध घालून झालं की मामा रिकामी किटली पायाशी ठेवून माझ्या स्टुलावर बसतात आणि गिऱ्हाइकांचं दुखणं विसरायला लावतात. मागे एकदा त्यांना वाटेत बिबट्या भेटला. भेटला तो भेटला, यांच्याकडे बघून त्यानं जांभई दिली, मान लववली आणि वाट सोडून बाजूला उभा राहिला. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक जण खोकायचं थांबून म्हणाला, “मामा, म्याटर लावून बोला.” मामांनी किटलीचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग म्हणाले, “ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, रानमांजर होतं. पण थोराड होतं रे!”

‘म्याटर लावून बोला’ हा आता आमच्या भागात रूढ झालेला वाक्प्रचार आहे. मामांकडे म्हैस बघायला गिऱ्हाईक आलं की आधी तिचं कवतिक मुकाट्यानं ऐकून घेतं. म्हैस गंगेसारखी दूध देते, लहान पोराच्याही हातानं धार काढून घेते, वगैरे वगैरे. सगळं ऐकून झालं की गिऱ्हाईक विचारतं, “म्याटर लावलं तर?” त्यावर मामांचा चेहरा पडतो. “ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, लाथ मारते,” ते सांगतात, आणि माल अगदीच पडून राहू नये म्हणून जोडतात, “पण डाव्याच पायानं मारते. उजव्या बाजूला बसावं.” गंमत म्हणजे अशा म्हशी हातोहात जातात. लाथ कुठून येणार हे आधी सांगणारा विकणारा दुसरा कुठे मिळतो?

दुसऱ्या कुणी हे शब्द चुकीचे वापरलेले मामांना खपत नाहीत. माझा मुलगा एकदा दुकानात म्हणाला, “ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, मला वाटतं...” त्याला तिथेच अडवून मामा म्हणाले, “वाटण्याला हे लावत नायत, बाबू. वाटतं ते साधं बोलावं.” वाडीवर मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्यानं तर कहरच केला. ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट येत्या उन्हाळ्यात तुमचा रस्ता डांबरी होणार, असं त्यानं छातीठोक सांगितलं. मामा मागच्या रांगेतून उठले, हात जोडले आणि म्हणाले, “साहेब, व्हायचंय त्याला हे चालत नाय. रस्ता करा, मग मी स्वतः येऊन तुमच्यासाठी म्हणीन.” रस्ता अजून कच्चा आहे. मामा अजून वाट बघतात.

मामी गेल्यापासून घरात मामा आणि त्यांचा पुतण्या संदेश, असे दोघंच. संदेशचे आईवडील तो लहान असतानाच गेले. मामा-मामींनीच त्याला वाढवला. संदेश महाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. रोज पहाटे मोटरसायकलनं खाली उतरायचं, रात्री वर यायचं, हा त्याचा क्रम. मुलगा निर्व्यसनी, कमावता, पण लग्न जमेना. डोंगरावर राहायला कुठली मुलगी तयार होईना, आणि काकांना एकटं सोडून महाडला बिऱ्हाड करायला संदेश तयार होईना. दोन स्थळं यावरूनच मोडली. मामा वरवर म्हणायचे, “तिसरं आपोआप चालत येईल.” पण स्थळ मोडलं की दुकानात त्यांच्या गोष्टींतली जनावरं एकदम लहान व्हायची, त्यावरून मला कळायचं.

तिसरं स्थळ दासगावचं. मुलगी शिकलेली, महाडलाच एका दवाखान्यात कामाला. संदेश तिला आवडला होता, आणि त्याला ती फारच आवडली होती. घर बघायला ती मंडळी वाडीवर आली तेव्हा नातलग म्हणून मीही गेलो होतो. चहा झाला. वाडीच्या वाऱ्यानं दमा कसा बरा होतो हे मामांनी सांगून संपवलं. तेवढ्यात मुलगीच सरळ बोलली, “काका, हे म्हणतात तुम्हाला सोडून येणार नाहीत. आणि माझं काम खाली आहे, मला रोजची चढउतार जमायची नाही. तुम्हीच सांगा, आम्ही महाडला राहिलो तर तुमचं कसं होईल? खरं सांगा. मी ऐकलंय तुमचं.”

मी मान खाली घातली, कारण उत्तर मला ठाऊक होतं. आदल्याच महिन्यात मामा गोठ्यात पाय घसरून पडले होते आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तिथेच पडून होते. गुडघा आता धड वाकत नाही. रात्री संदेशच्या गाडीचा आवाज येईपर्यंत त्यांना घास जात नाही. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि म्याटर लावून सांगितलं होतं. संदेशला कळू द्यायचं नाही अशी शपथही घातली होती.

मामांनी संदेशकडे बघितलं. मग मुलीकडे बघून, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, “पोरी, ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, मला एकट्याला कसलीच अडचण नाय गो.”

संदेशनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. लहानपणापासून त्या शब्दांच्या पुढे आलेलं काही खोटं निघाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं काकांवर विश्वास ठेवला, आणि सुपारी फुटली.

परतताना मामा मला वळणापर्यंत पोचवायला आले. मी म्हटलं, “मामा, हे काय केलंत?” त्यांनी काठी टेकली. “जावयबापू, पोरगं डोंगर उतरायला पायजे होतं. दुसऱ्या कशानं उतरलं नसतं.”

आता संदेश आणि त्याची बायको महाडला सुखात आहेत. दर रविवारी वर येतात, ती आल्याबरोबर डबे उघडून बघते आणि काकांना रागावते. काका खूश असतात, त्यात नाटक नाही. दुकानातही येतात. बिबटे पुन्हा मोठे झाले आहेत, परवाचा तर नमस्कार करून गेला. फक्त कुणी ‘म्याटर लावून बोला’ म्हटलं की मामा हसतात आणि म्हणतात, “नाय रे, आता ते माझ्याच्यानं होत नाय.” लोकांना वाटतं, म्हातारा इंग्रजी विसरला. मी त्यांच्यासाठी चहा सांगतो.