पार्टिशनपलीकडचं फोल्डर

सातपूरच्या आमच्या छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये दादाचा कम्प्युटर एका बाजूला, माझा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. वडील होते तोपर्यंत ते पार्टिशन नव्हतं. दादा मशीन चालवायचा, मी ड्रॉइंग काढायचे. ड्रॉइंग झालं की मी जागेवरूनच "दादा, घेऊन जा रे!" म्हणून ओरडायचे आणि तो तेलाचे हात पुसत येऊन पेनड्राइव्ह न्यायचा. कधी काही अडलं नाही.

वडील गेले आणि हक्कसोडाचा विषय निघाला. आमच्याकडे बहिणी वडिलांच्या मिळकतीतला आपला वाटा सही करून भावाला सोडतात. सगळ्याच सोडतात. सोडला की माहेरचं दार कायम उघडं राहतं, असं आत्याने मला इतक्यांदा ऐकवलं की कान किटले. मी म्हटलं, या शेडमध्ये मी दादाइतकीच राबले आहे, मी सही करणार नाही. दादा चिडला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण तो गप्प राहिला आणि काही दिवसांत सुतार बोलावून पार्टिशन उभं केलं. "मशीनची धूळ तुझ्या कम्प्युटरवर बसते," एवढंच म्हणाला. आणि इतकी वर्षं बसत नव्हती का? मी विचारलं नाही, पण मनात ठेवलं.

तेव्हापासून तो माझ्या बाजूला यायचा बंद झाला. ड्रॉइंग न्यायला मशीनवरचा कोणीतरी यायचा, "साहेबांनी मागितलंय" म्हणायचा. साहेब! सख्खा भाऊ साहेब झाला. शेवटी मीच कम्प्युटरवाल्याला बोलावलं आणि म्हटलं, बाबा, दोन्ही कम्प्युटर जोडून दे, मध्ये माणूस नको. त्याने पार्टिशनवरून वायर टाकली, दादाच्या कम्प्युटरवर एक फोल्डर शेअर केलं आणि "ताई, तुम्ही यात फाइल टाकायची, साहेबांना तिकडे दिसेल" असं सांगून चहासुद्धा न घेता पळाला. फक्त दादाचा कम्प्युटर विंडोजवाला आणि माझा लिनक्सवाला. व्हायरसला कंटाळून मी तो घेतला होता. दोघांची भाषा वेगळी असली तरी जमतं म्हणाला.

सातपूरच्या कारखान्यांना रविवारऐवजी शनिवारी सुट्टी असते. अशाच एका शनिवारी दादा मशीन साफ करायला आला होता आणि मी एका पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग संपवायला. ते उद्या मशीनवर चढायचं होतं. ड्रॉइंग झालं, मी नेटवर्क उघडलं, तर दादाचा कम्प्युटर चक्क माझ्या स्क्रीनवर दिसला. जीव भांड्यात पडला. त्यावर क्लिक केलं तर एक चौकट पुढे आली आणि नाव, पासवर्ड मागायला लागली.

आता कुणाचं नाव? माझं टाकलं, माझा पासवर्ड टाकला. नाही म्हणाला. दादाचं नाव आणि माझा पासवर्ड, तेही नाही. दादाचं नाव टाकून पासवर्ड रिकामा ठेवला, तरी नाही. चौकट जायची आणि परत यायची. खाली डोमेन नावाची एक जागा होती, तिथे काय लिहायचं कळेना, म्हणून मी 'सातपूर' लिहून पाहिलं. त्यालाही नाहीच.

मग मात्र डोक्यात भलतंच आलं. दादाने आपल्याला बाहेर ठेवायला पासवर्ड घातला. आधी पार्टिशन, आता कुलूप! सही नाही केली म्हणून माहेरचं दार बंद, बाकी काय? राग आला आणि रागाच्या मागून रडू. तशीच उठून पार्टिशनला वळसा घालून गेले.

"पासवर्ड काय ठेवलायस?"

"कसला पासवर्ड?" तो फडक्याने मशीन पुसत होता. "माझ्या कम्प्युटरला पासवर्डच नाही."

"खोटं बोलू नकोस."

त्याने फडकं ठेवलं, कम्प्युटर बंद करून परत चालू केला. काही न विचारता उघडला. कुलूप नाही, कडी नाही, आणि मला आत घेत नाही! माझंच डोकं फिरलं की काय? मी तिथूनच कम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"ताई, पासवर्ड नाही म्हणूनच उघडत नाही," तो म्हणाला. "समोर बसलेल्याला चालतं. पण नेटवर्कवरून येणाऱ्याला, खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज आत सोडत नाही. साहेबांना एक पासवर्ड घालायला सांगा."

"म्हणजे दाराला कुलूप नाही म्हणून दार उघडत नाही?"

"तसंच समजा."

काय समजणार, कप्पाळ! दादाने पासवर्ड घातला आणि मी माझ्या जागेवर पोचायच्या आत पार्टिशनच्या वरून ओरडून सांगितला. "अरे, ओरडून सांगतात का पासवर्ड?" मी ओरडले. "इथे आहे कोण तुझ्या-माझ्याशिवाय?" तो पलीकडून म्हणाला. मला हसू आलं. फोल्डर उघडलं. फाइल टाकायला गेले तर परवानगी नाही.

परत फोन. फोल्डर नुसतं वाचायला दिलं गेलंय, कम्प्युटरवाल्याने कबूल केलं, आणि कुठे जायचं ते सांगितलं. मी पार्टिशनच्या अलीकडून सांगत होते, दादा पलीकडे करत होता.

"तीन दिसतायत," तो म्हणाला. "फुल कंट्रोल, चेंज, रीड. पहिल्यावर टिक केली तर काय होईल?"

"मला त्यात सगळं करता येईल. ठेवता येईल, बदलता येईल, पुसून टाकता येईल. जितकं तुझं तितकंच माझं होईल." बोलून गेले आणि जीभ चावली.

पलीकडून माउसचा क्लिक ऐकू आला.

"दिलं," तो म्हणाला. "टाक आता."

मी टाकलं. "आलं गं," तो म्हणाला. मला काही केल्या कळेना, त्याने समजून दिलं की कामाची घाई होती म्हणून दिलं. विचारायचा धीर झाला नाही.

भाऊबीजेला आत्याने ओवाळणीच्या ताटापुढेच पुन्हा सहीचं काढलं. दादा म्हणाला, "आत्या, सही नको. शेड दोघांची आहे. आता हा विषय बंद." आत्याने ताट माझ्याकडे सरकवलं. मी त्याला कुंकू लावलं.

जेवणं झाल्यावर तो ओट्यावर एकटा बसला होता. मी जाऊन विचारलंच, "मग ते पार्टिशन कशाला घातलंस?"

"धुळीसाठी. तेव्हाच सांगितलं होतं की."

"आणि माझ्या बाजूला यायचं का सोडलंस?"



"अगं, तू हाक मारायची बंद केलीस ना."