हिराकाकींचा बिनमासळीचा प्रवास

मुरब्याच्या हिराकाकी तांडेल यांनी आयुष्यात आजवर एकदाच प्रवास केला. तशा त्या रोजच मुरब्याहून सालवडला जायच्या, टेम्पोत, मासळीच्या पेटीला पाठ लावून. पण त्याला कोणी प्रवास म्हणत नाही. त्याला धंदा म्हणतात.

टेम्पो त्यांचे यजमान नवशाकाका चालवत. सालवडला पोहोचले की हॉर्न द्यायचे, तीन आखूड, एक लांब. कामगारांच्या चाळींतून बायका थाळ्या घेऊन यायच्या. मांजरं थाळ्यांशिवाय यायची. काकी पेटीची खिट्टी काढून फळीवर मासळीचे वाटे मांडायच्या. "कैसे दिया?" बायका विचारायच्या. काकी भाव सांगायच्या, मग प्रत्येक वाट्यावर एक मासा जास्तीचा टाकायच्या आणि टाकताना एक शिवी हासडायच्या. गिऱ्हाईक दोन्ही घेऊन खूश.

मग त्यांच्या मुलाने, मेहुलने, नवी गाडी घेतली. धंदा त्याच्याकडे गेला. जुना टेम्पो दारात बसून राहिला आणि त्याच्या शेजारी नवशाकाका. काका फोनवर व्हिडिओ बघू लागले. त्यात परदेशातली म्हातारी जोडपी घराएवढ्या गाडीतून फिरत. गाडीत पलंग, गादी, चूल. संध्याकाळी तळ्याकाठी खुर्च्या टाकून बसत आणि एकमेकांशी भांडत नसत. शेवटची गोष्ट काकांनाही खोटी वाटली. बाकी सगळं त्यांनी खरं मानलं.

"मास्तर, ह्याला मोटरहोम म्हनतात," ते मला म्हणाले. मी मास्तर नाही. मराठी घेऊन एम.ए. झालो, तेव्हा गावाने परस्पर नेमणूक करून टाकली.

काकांनी स्वतःच्या हाताने मोटरहोम बनवलं. टेम्पोच्या मागच्या भल्यामोठ्या मासळीच्या पेटीत गादी घातली. ग्राइंडरने खिडकी कापली, तिला फुलाफुलांचा पडदा लावला. बाहेरून निळा रंग मारला. तिरपं ऊन पडलं की रंगाखालून 'ताजी मासळी' ही अक्षरं वर येत. वासाला तर तिरपं ऊनही लागत नव्हतं.

काकींनी अट घातली.

"येते. पन मावऱ्याला, कुठल्याच मासलीला, हात लावनार नाय. इकनार नाय, कापनार नाय, रांधनार नाय. आनि तुमी हॉर्न मारायचा नाय."

"एवढंच ना?"

"तीस वरसं जो भेटतो तो इचारतो, कसे दिले. एकदा कोनी इचारावं, कुठून आलात."

"मी इचारतो की. कुठून आलात?"

"तुमच्याच घरातून. म्हनून तर जायचंय."

काका हसले. काकी हसल्या नाहीत. "जमलं तर जमलं," त्या म्हणाल्या. "नाय तर आल्याबरोबर हा डबा भंगारात."

म्हणजे काकांचं स्वप्न आता अनोळखी माणसांच्या कुतूहलावर अवलंबून होतं. मलाही बरोबर घेतलं. कारण काकींनीच सांगितलं. "तिसरं कोन तरी पाहिजे. नाय तर आमी भांडायचं कुनासमोर?"

पहिला मुक्काम चिंचणीला होता. गावात वळणावर एक मोटारसायकल आडवी आली. काकांचा हात गेला. तीन आखूड, एक लांब.

मासळीच्या हॉर्नला गावाची हद्द नसते. पहिल्याच घरातून एक बाई थाळी घेऊन बाहेर आली. "काय हाय आज? कसे दिले?"

"अवो, मी उतरते," काकी म्हणाल्या.

"सवयीनं गेला गं हात."

"मग हात काढा नाय तर वायर काढा."

काकांनी वायर काढली. हॉर्नची वायर उपटून तशीच लोंबकळत ठेवली. ती लक्षात असू द्या. तिथून पुढे काका खिडकीतून डोकं काढून गाडी चालवत होते. "ओ दादा, सरा. ओ ताई, सरा. ए म्हातारबाबा." दादा, ताई आणि म्हातारबाबा पेटीकडे बघत. एकाने विचारलंच, "बोंबील हायत काय?"

सुरूच्या बागेत कृष्णकांत नावाच्या माणसाने तंबू लावून कॅम्पिंग काढलं होतं. त्याने टेम्पोभोवती एक फेरी मारली. ऊन नेमकं तिरपं होतं.

"बरं झालं आलात. पाहुण्यांना पापलेट हवंय. कसे दिले?"

"हे मोटरहोम हाय," काका म्हणाले.

कृष्णकांतने अक्षरं वाचली. टेम्पोखाली जमलेली दोन मांजरं पाहिली. "असेल," तो म्हणाला. "पण पापलेट कसे दिले?"

काकींनी पडदा ओढला.

मी पुढच्या केबिनमध्ये झोपलो. सकाळी पेटीवर आतून थापा ऐकू आल्या. मागे जाऊन पाहिलं. दार आपटलं की खिट्टी बाहेरून पडत होती आणि आतून काढायची काही सोयच नव्हती. मासळीला ती कधी लागली नव्हती. मी खिट्टी काढली आणि दोघं जवळजवळ माझ्या अंगावर आली. बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून पेटीच्या तळाला दाराकडे उतार दिलेला असतो. त्या उताराने दोघांना रात्रभर हळूहळू दाराशी आणून लावलं होतं, गादीसकट.

"तुमच्या व्हिडिओत असं होतं काय?" काकींनी केस सावरत विचारलं.

"ते लोक हे दाखवत नाय," काका म्हणाले.

पुढचा मुक्काम घोलवडच्या बाजूला, चिकूच्या वाडीत. तिथल्या मालकीणबाईंना सगळे माई म्हणत. गाडी फाटकातून आत आली आणि माईंनी पदर नाकाला लावला. मग फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वाडीत मांसाहार चालत नव्हता.

"आमी काय आनलंच नाय," काकी म्हणाल्या.

"मग हा वास?"

ह्याला उत्तर होतं, पण ते तीस वर्षं लांब होतं. माई वाईट नव्हत्या. त्यांनी फक्त टेम्पो गोठ्याशेजारी लावायला सांगितला. गोठ्यातल्या म्हशीने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दोन रात्री काकी छान जेवल्या. वांगं, वरण, पापडी. कोणीतरी दुसऱ्याने रांधलेलं. मावऱ्याला हात लावला नाही, पण त्यांना कोणी काही विचारलंही नाही. शेजारच्या तंबूतली मुंबईची मंडळी जाता-येता रुमाल काढत. निघताना माईंनी टोपलीभर चिकू दिले. आपलं चुकलं असं वाटलं असावं, किंवा चिकू फार पिकले असावेत.

"बाकी सगले निदान कसे दिले तरी इचारत होते," काकी म्हणाल्या. "म्हैस तेवढं बी नाय बोलली." मग काकांकडे न बघता, "घरी गेलं की भंगारवाल्याला फोन करा."

काकांनी पेटीचा फुलाफुलांचा पडदा नीट केला आणि गाडी सुरू केली.

परतताना बोईसरला एक लांबलचक ट्रेलर रस्त्यात आडवा अडकला होता. काकांनी गाडी वळवली.

"सालवडमधून नाय," काकी म्हणाल्या.

"दुसरा रस्ता नाय."

"मग थांबवा." त्या उतरल्या, चिकूची टोपली घेऊन मागे पेटीत चढल्या आणि मला म्हणाल्या, "दार लाव. कोनाला दिसायची नाय मी."

मी दार लावलं. खिट्टी पडली.

सालवडचे खड्डे प्रामाणिक आहेत. पहिल्याच खड्ड्यात टेम्पो आपटला, लोंबणारी वायर कुठेतरी लोखंडाला चिकटली आणि हॉर्न सुरू झाला. तीन आखूड नाहीत. एकच लांब. थांबेचना. काका खाली उतरून बॉनेटमध्ये घुसले. चाळींची दारं उघडली. इतका लांब हॉर्न म्हणजे मासळी केवढी असेल, असा हिशोब प्रत्येकीने केला असणार. काही जणी परात घेऊन आल्या.

मी "मासळी नाही, मासळी नाही" ओरडत मागे धावलो. कोणी ऐकलं नाही. खिट्टी कशी काढायची, हे सालवडच्या बायकांना माझ्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

दार उघडलं. आत गादीवर हिराकाकी बसल्या होत्या, मांडीवर टोपली, मागे फुलाफुलांचा पडदा.

"अरे, मछली कहाँ है?"

"ये तो पलंग है!"

पुढे जागृती उभी होती. कंपनीतली पाळी संपवून आलेली, काकींचं जुनं गिऱ्हाईक. तिने गादी पाहिली, पडदा पाहिला, काकींची नवी साडी पाहिली.

"काकी, कुठून आलात?"

हॉर्न बोंबलतच होता. काकींनी कानामागे हात नेला. "काय?"

"कुठून आलात, म्हणते!"

त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं.

तेवढ्यात हॉर्न थांबला आणि काकी सुरू झाल्या. चिंचणीचा दर्या काय, सुरूची बाग काय. वाडीतल्या माई तर सोडायलाच तयार नव्हत्या, आणखी चार दिवस राहा म्हणून मागे लागल्या होत्या. म्हशीने सुद्धा लळा लावला होता. मी तिथे होतो. मी मान डोलावली. साहित्यात याला वाव असतो.

"चपला काढून वर या," काकी म्हणाल्या. बायका एकेक करून गादीवर बसून आल्या. एकीने पडदा सारून बघितला. बाहेर नाला होता. "कितना अच्छा," ती म्हणाली.

मग टोपलीकडे कोणाचं तरी लक्ष गेलं.

"चिकू कैसे दिया, काकी?"

बॉनेटमागून काकांनी डोकं वर काढलं.

काकींनी टोपली मांडीवरून खाली ठेवली.

"दिया नाय," त्या म्हणाल्या. "लाया. परवासाला गेलं की आनतात."

त्यांनी फळी आडवी टाकली आणि तिच्यावर चिकूचे वाटे मांडले. प्रत्येक वाट्यावर एक चिकू जास्तीचा, एकेक शिवी हासडून. थाळ्या पुढे आल्या.

काका तेलकट हात पुसत आले. "वायर कायमची तोडू काय? आता गाडी भंगारातच जानार ना."

"कोन बोललं भंगारात?" काकी म्हणाल्या. "वायर नीट लावा. आनि ती खिट्टी आतून बसवा, पुढच्या टायमाच्या आत."