गेटापर्यंतची आत्या

आत्याइतकी भित्री बाई मी आजवर पाहिली नाही, आणि ती स्वतःही हे मोठ्या कौतुकाने सांगत असे. "मी लई भित्री हाय बरं का," ही तिची ओळख करून द्यायची पद्धत. लोक नाव सांगतात, गाव सांगतात. ही आधी भीती सांगायची. बिबट्याचं तिला काही वाटत नसे. साप आडवा आला तर काठीने बाजूला सारून पुढे जाई. भीती होती ती फक्त दवाखान्याची, आणि तिच्यातही प्रकार होते. आपोआप उघडणारं काचेचं दार, लिफ्ट, चाकांची खाट, खिडकीआडून कागद मागणारा माणूस, आणि सगळ्यांच्या वर म्हणजे "जरा बाहेर थांबा" हे वाक्य.

आणि तरीही कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेने असलेल्या धनगरांच्या त्या तेरा-चौदा घरांत कोणी आजारी पडलं की पहिली हाक आत्यालाच जाई. ती रिक्षा ठरवी, कागदांची पिशवी काखेला मारी, आजाऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पौड रस्त्याचे सगळे खड्डे सोसत दवाखान्याच्या गेटापर्यंत येई. तिथून पुढे एक पाऊल टाकत नसे. समोरच्या चहाच्या टपरीशी बसून राही, संध्याकाळपर्यंतसुद्धा. म्हणून वाडीत तिचं नावच पडलं होतं, गेटापर्यंतची आत्या. तिला त्याचा राग नव्हता. "गेटापत्तुर तरी येतीया की," ती म्हणे, "तुमच्या सरकारची गाडी तितपत्तुरबी येत न्हाई."

मी तिथे गेले ती एका अभ्यासाच्या कामाने. गावातली माणसं आजारी पडल्यावर कुठे जातात, कशी जातात आणि त्याचा पैसा कोण भरतं, हे घरोघरी विचारायचं होतं. हातात बारा पानांचा फॉर्म, पायात नवे बूट. मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली. कुत्रं भुंकलं तरी मी रस्ता बदलते. पहिल्या दिवशी मी नऊ घरं केली. "गेल्या वर्षभरात घरातलं कोणी दवाखान्यात भरती झालं होतं का?" "न्हाई." "मग कोणी आजारी?" "न्हाई बा. समदी झ्याक हायेत." इतकी ठणठणीत वाडी बघून मलाच धडकी भरली, कारण अभ्यास चालवणाऱ्या सरांना हे दाखवलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं.

आत्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी तिला माझी दया आली असावी. "दारात उभं ऱ्हाऊन आजाराचं नाव कुनी घेतंय व्हय?" ती म्हणाली. "आन् तुजा कागुद बघून मान्सं भ्यात्यात. खासगीत पैसं भरलं म्हनून सांगितलं आन् उद्या पिवळं कार्ड काडून घेतलं तर? तू आजाराचं इचारू नगंस. शेरडांचं इचार."

मला कळेना. तिने समजावून सांगितलं. शेरडांना सुट्टी नसते. मालक भरती झाला तरी त्यांना चरायला न्यावंच लागतं, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली होतात. "तुजी शेरडं कुनी सांबाळली का, येवडंच इचार. बाकीचं आपसूक येतंय." दुसऱ्या दिवशी मी त्याच घरांत परत गेले. कालच "समदी झ्याक" म्हणालेली बाई पटकन म्हणाली, "सांबाळली की, सखूनं. बारा दिस." का बरं? "आमचं मालक भरती व्हतं न्हवं!" आणि मग पुढे जे सुरू झालं ते माझ्या बारा पानांत मावेना. किती हॉस्पिटलं फिरलो, कुठे कार्ड चाललं नाही, कोणाचे दागिने गेले, कोण वाटेतच गेलं. मी तो प्रश्न फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात पेनने लिहून घेतला. सरांनी फोनवर विचारलं, "आपला सर्व्हे आरोग्याचा आहे की पशुसंवर्धनाचा?" रेंज जातेय म्हणून मी फोन ठेवला. सरांनाही मी घाबरते.

हळूहळू लक्षात आलं, की अभ्यास मी करत नव्हते, तो आत्या केव्हापासून करत होती. गेटावर बसून ती बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला धरायची. काय झालं होतं, कोणता कागद मागितला, कशावरून परत पाठवलं, सरकारी योजनेतून काय भरलं आणि काय तुमच्या गळ्यात घातलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पिरंगुटपासून शहरापर्यंतच्या कुठल्या दवाखान्यात कुठलं कार्ड चालतं हे तिला तोंडपाठ होतं. आत पाऊल न टाकता आतलं इतकं जाणणारी बाई मला दुसरी भेटली नाही. टपरीवरही ती चपला काढून मांडी घालून कधी बसायची नाही. "चपला काडल्या की मानूस ऱ्हायला आलंय म्हनून धरत्यात," ती म्हणे, "मंग लवकर सोडत न्हाईत."

तिचा स्वतःचा फॉर्मही मी त्याच आठवड्यात भरला. ती शेरडांना पाला टाकत होती आणि मी मागे मागे फिरत होते. डावा हात अंगाशी धरून ती उजव्या हातानेच सगळं करत होती. मला वाटलं, सवय असेल. "गेल्या वर्षात तपासणी किंवा उपचार टाळलेत का?" तिने शेरडांकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई." मी 'नाही'वर खूण केली. शेरडांचा प्रश्न तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. शेरडं समोरच होती, तिच्याच हातची होती. ती विद्या कधी तिच्यावरही चालवावी लागेल, हे मला कसं कळणार?

सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या फेरीला मी गेले. चढ चढताना सखूचा कळप दिसला. सखू म्हणजे आत्याची शेजारीण. तिच्या शेरडांत मला गळ्यात निळ्या चिंध्या बांधलेली पाच शेरडं दिसली. तो निळा रंग मी ओळखत होते. आत्याने आपलं जुनं लुगडं फाडून आपल्या शेरडांना खूण केली होती.   सखूला काही विचारायचं धाडस होईना. मी सरळ वर गेले.

आत्या केस विंचरून, कुंकू लावून उंबऱ्यात बसली होती. "ये बाय. समदी झ्याक हायेत," ती मी विचारायच्या आतच म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले.  "आत्या, शेरडं कोण सांभाळतंय?"

 ती हसली. "माजीच इद्या माज्यावर चालीवतीस व्हय?" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत जाऊन तिने पदर बाजूला केला आणि मला छातीवरची गाठ दाखवली. काखेपर्यंत पसरली होती; हात उचलेना म्हणून शेरडं सखूकडे दिली होती. "तू पयल्यांदा आलीस तवा चिचुक्यायेवडी व्हती," ती म्हणाली. मला तो फॉर्म आठवला, आणि 'नाही'वरची माझी नीटनेटकी खूण. त्या क्षणी मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

मी चिडून विचारलं, एवढं सगळं माहीत असून का लपवलंत? ऑपरेशनचे पैसे सरकार भरतं हे तर तुम्हीच वाडीला सांगता! ती शांतपणे म्हणाली, "आप्रेशनचं भरतंय. त्याच्या आदीचं कोन भरतंय? आदी फोटू, मंग सुई, मंग तिसरंच मशीन, धा येळा जा-ये. त्यासाटी शेरडं इकावी लागत्याल. आन् शेरडं इकून बरी हून आले, तर हितं येऊन करू काय?" बारा पानांत हा प्रश्न आम्ही कुठेच विचारला नव्हता.

तिचा मुलगा उरवड्याला एका कारखान्यात कंत्राटावर होता. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडे, तरी तो तपासण्यांपुरती उचल घेऊन आला. कोणत्या हॉस्पिटलात जायचं हे आत्यानेच सांगितलं. शहरातल्या त्या गेटाशी ती नेहमीच्या सवयीने थांबली, टपरीकडे वळली, आणि मग थबकली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशीही तिथे वळ होता. "म्या डोळं मिटते," ती म्हणाली, "तू वढ." काचेचं दार आपोआप उघडलं. मी तिला ओढलं. खरं सांगायचं तर डोळे मीही मिटले होते.

आत योजनेच्या टेबलावर अंगठा लावायचा होता. आत्याचा अंगठा मशीनला ओळखू येईना. दावी ओढून, पाला तोडून रेषाच झिजल्या होत्या. एकदा लावला, दोनदा लावला, तिसऱ्यांदाही लाल दिवा. मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करू लागले. आत्या कुजबुजली, "मी हाय न्हवं हितं? मंग त्याला का दिसंना?"  टेबलावरच्या मुलीने शेवटी तिची सगळी बोटं ओल्या फडक्याने पुसली आणि एकेक लावून पाहिली. उजव्या हाताच्या करंगळीला हिरवा दिवा लागला.

तपासण्यांचे कागद यायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा आत्या म्हणाली, "माजा कागुद काड. त्यात खोटं लिवलंय." मी पिशवीतून दुसऱ्या फेरीचा फॉर्म काढला. उपचार टाळले का? "व्हय." कारण? मी पर्याय वाचून दाखवले: अंतर, खर्च, वेळ नाही, सोबत कोणी नाही, इतर. ती म्हणाली, "भ्याले म्हनून लिव." भीती पर्यायात नव्हती. मी 'इतर'समोर लिहिलं. कसली भीती, मी विचारलं. मरणाची?

"न्हाई गं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या दावनीला आपली शेरडं बघायची."

ऑपरेशनच्या दिवशी चपला काढाव्याच लागल्या. तिने त्या आपल्या मुलाकडे दिल्या नाहीत, माझ्या हातात दिल्या. "खाली ठिवू नगंस. कुनी इचारलं तर सांग, बाई जायाच्या घाईत हाय." मी त्या चपला छातीशी धरून दुपारभर उभी होते. ये-जा करणारे लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. बाक रिकामं होतं, पण बसायची माझी छाती झाली नाही. मनातल्या मनात मी सारखी घोकत होते, बाई जायच्या घाईत आहे, बाई जायच्या घाईत आहे.

ती बाहेर आली, घरी गेली. मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध घ्यायला यायची. गेट ओलांडताना अजूनही डोळे मिटायची, पण ओलांडायची. वाडीतल्या बायका तिला चिडवू लागल्या, "आता गेटाच्या आतली आत्या म्हनाया पायजे." तिला ते आवडायचं. आणि तिच्या मागोमाग दोघी-तिघी, ज्यांनी मला "समदी झ्याक" सांगितलं होतं, त्याही आपापली दुखणी घेऊन तपासून आल्या. शेरडं एकमेकींकडे सोपवून.

मग मी अहवाल लिहायला ऑफिसात अडकले. तिच्या मुलाला फोन केला की तो म्हणायचा, "बरी हाय. समदं झ्याक." झ्याक म्हणजे काय हे त्या वाडीने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, तरी मी ते ऐकून घेत होते. दोन महिने मी गेले नाही. अहवाल हे निमित्त होतं. खरं म्हणजे मी भीत होते. चढ चढल्यावर काय दिसेल याची मला भीती वाटत होती.

शेवटी गेले. चढाच्या मध्यावर सखू शेरडं राखत बसली होती. निळ्या चिंध्यांची पाचही शेरडं तिच्या कळपात चरत होती. मी तिथेच थांबले. पुढे जाणं माझ्याने होईना. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तेच विचारलं.

"सखूताई, आत्याची शेरडं अजून तुम्हीच सांभाळताय का?"

सखूने हातातली काठी खाली ठेवली. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला.

"आता माजीच हायेत ती, ताई," ती म्हणाली. "आत्यानं सवताच्या हातानं दिली. म्हनली, ताई येईल आन् शेरडांचंच इचारंल. तिला दमानं सांग. लई भित्री हाय ती."