मळीची विहीर आणि सर्जा बैल

लॅबमध्ये नमुन्याच्या बाटल्या साचतात तसे किस्सेही साचतात. बाटल्या धुता तरी येतात! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन दुष्काळात, मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. तेव्हाचे हे किस्से आज सांगताना हसू येतं, तेव्हा मुळीच येत नव्हतं.

*

कारखान्याच्या खड्ड्यातलं मळीचं पाणी मुरत मुरत शेजारच्या वस्तीच्या विहिरीत उतरलं. पाणी कोऱ्या चहासारखं, वास तर विचारूच नका! वस्ती पाच घरांची, आणि आसपासच्या बाकी विहिरी कोरड्या ठाक.

"पानी सुदरलं न्हाई तर आमी वस्ती सोडनार," चंद्रभागाआजींनी सांगून टाकलं. त्यांच्या शब्दाबाहेर तिथे कुणी नव्हतं.

आमच्या केमिस्टसाहेबांनी खड्डा बंद केला, विहिरीवर इंजिन बसवलं आणि जाहीर केलं, "महिन्यात विहीर साफ!"

चार महिने उपसा चालला. पाणी तसंच!

*

साहेब दर सोमवारी बाटली उन्हात धरून म्हणायचे, "सुधारणा आहे!"

आजी त्यांच्या सर्जा बैलापुढे बादली ठेवून, बैलाला पाणी प्यायला लावतात ती शीळ घालायच्या. सर्जा हुंगायचा आणि मान फिरवायचा.

"सायेब, तुमची बाटली व्हय म्हनती, माजा बैल न्हाई म्हनतो!"

साहेब वहीत लिहायचे, 'किंचित वास.'

*

एकदा आजींनी मला गाठलं. "उपसल्यालं पानी हिरीच्या वरल्या अंगाला का वतता?"

"खालच्या अंगाला साहेबांच्या जीपचा रस्ता आहे ना. चिखल होतो."

बोलता बोलताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! चार महिने आम्ही विहिरीचं पाणी विहिरीतच मुरवत होतो!

मी तसाच जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी जीपची किल्ली टेबलाच्या खणात टाकली. मग म्हणाले, "जीप कारखान्यातच राहू दे."

श्रीरामपूरहून पाइप आले. पाणी रस्त्यापलीकडे, लांब पडीक रानात जाऊ लागलं. पाइपांच्या गळतीने रस्त्याचा चिखल झाला, साहेब तो तुडवत पायी यायला लागले.

*

नंतरच्या एका सोमवारी गेलो तर आजींच्या दारात बैलगाडी भरलेली! वर दळायचं जातंसुद्धा दोरीने बांधलेलं. आजी वस्ती सोडायला निघाल्या होत्या.

"आजी, एवढा एक दिवस थांबा!" साहेबांनी स्वतः बादली ओढली आणि सर्जापुढे ठेवली.

आजी शीळ घालेनात. "माज्या तोंडाला कोरड पडलीया," त्या म्हणाल्या.

मग साहेबांनीच ओठ गोल केले. नुसती हवा! सर्जाने हुंगलं, मान वर केली. संपलं, मला वाटलं. साहेबांनी ओठ ओले करून पुन्हा शीळ घातली.

सर्जाने तोंड बुडवलं ते बादलीचा तळ दिसल्यावरच वर काढलं.

साहेबांनी नमुन्याची बाटली काढली. आजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "जातं उतरवा खाली!"